पारंपरिक कोण? एका हळदीच्या गाण्याचं प्रकरण

ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लाइनच्या कडेला, रबाळे ते कोपरखैरणे या पट्ट्यात जी जुनी आगरी गावठाणं आहेत, त्यांतल्या एका घरात हे गाणं तयार झालं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय. पट्ट्यातल्या लोकांना गाणं कुठलं ते ओळखू येईलच, त्याला माझा इलाज नाही.

गाण्यात चार माणसं. भाचा एमआयडीसीत शिफ्टची नोकरी करतो, गाणी लिहितो आणि रेकॉर्डिंगचं सगळं तोच बघतो. त्याची वहिनी गाते. बेंजो वाजवणारा मित्र दिवसा रिक्षा चालवतो आणि सीझनला एका बेंजो पार्टीत असतो. चौथी आत्या. वय सत्तरीच्या पुढे, गावातली धवलारीण. आगरी लग्नात विधी चालू असताना धवला, म्हणजे विधीचं गाणं, म्हणण्याचा मान जिचा, ती धवलारीण. आजही दोन-चार गावांतून तिला बोलावणं येतं.

पहिले तिघं स्वतःला ग्रुप म्हणवत होते. आत्याला त्यांनी ग्रुपमध्ये धरलं नव्हतं, आणि प्रकरणाचं मूळ तिथंच आहे. पण ते दिसायला बरेच दिवस गेले, कारण मधे कॉपीराइटचा बागुलबुवा उभा राहिला.

गाणं कसं बांधलं

सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद आत्याचा आवाज येतो, नुसता, मागे काही वाजत नाही. भाच्याने एका लग्नात मोबाइलवर टिपलेला. त्यात बांगड्यांचा आवाज आहे आणि कुणाचं तरी पोर रडतंय. मग ठेका पडतो आणि तीच ओळ वहिनी उचलते, दुप्पट लयीत:

बांधाव मिठाची रास गो सरली,
आयचे अंगनान हलद गो पुरली.

मिठाची रास संपली, पण आईच्या अंगणात हळद पुरून उरली. पुढचे तीन अंतरे भाच्याचे. त्यातला एक हळदीच्या रात्री दोन-तीनदा तरी फर्माइश करून वाजवून घेतात:

आगराचे जागी टावर झायलं,
नवरीचं वऱ्हाड लिफ्टान ऱ्हायलं.

हे वाचून हसू येतं, पण ज्याच्या आजोबांचं आगर, म्हणजे मिठागर, गेलंय त्यालाच हे लिहिता येतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, उरण आणि पनवेल तालुक्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, आणि जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीत आता खरोखरच हळदीचं वऱ्हाड लिफ्टमध्ये अडकतं.

रेकॉर्डिंग माडीवरच्या खोलीत झालं. भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद, खालचा फ्रिजही बंद, आणि गाडी गेली की पुढची येईपर्यंत टेक घ्यायचा. खिडकी लावली तरी गाडीची घरघर माइकमध्ये उतरते. वहिनीचा दुसरा अंतरा अर्ध्यात तोडावा लागला, कारण मोटरमनने नेमका तिथं हॉर्न दिला. माइक साधा यूएसबीचा, सॉफ्टवेअर फुकट मिळणारं. बेंजो थेट वायर लावून घेतला. मिक्सिंग माझ्याकडे होतं. बेंजोच्या तारांची खरखर काढून टाका असं मला सांगितलं होतं, मी ती तशीच राहू दिली. बेंजो तसाच वाजतो.

ठेका मात्र त्यांनी वाजवला नाही. ढोलकीवाला मिळाला नाही, मिळाला त्याने पैसे जास्त सांगितले, म्हणून भाच्याने इंटरनेटवरून एक तयार लूप, म्हणजे परत परत वाजवायचा ठेक्याचा तुकडा, उचलला. कोळीगीताला चालणारा सहा मात्रांचा, दादऱ्याच्या अंगाचा. रॉयल्टी-फ्री, म्हणजे वापराचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, असं तिथं लिहिलेलं होतं आणि ते खरं होतं.

चैत्रात, एकवीरेच्या यात्रेच्या सुमारास, गाणं वहिनीच्या नावाच्या यूट्यूब चॅनेलवर चढलं. वर्णनात लिहिलं: गीत-संगीत पारंपरिक आणि ग्रुप. वैशाखात ते हळदीहळदीतून वाजत होतं.

दावा

मग फोन आला. "ताई, गाण्यावर कॉपीराइट लागलाय. चॅनेल उडंल काय?"

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरगुती गाणी टाकणारे बहुतेक जण त्यांची सरमिसळ करतात. एक कंटेंट आयडीचा दावा, दुसरी स्ट्राइक. कंटेंट आयडी म्हणजे यंत्र. हक्क सांगणाऱ्यांनी आपल्या रेकॉर्डिंगची नमुना फाइल देऊन ठेवलेली असते, आणि यूट्यूबवर चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या फाइलींशी ताडून बघितला जातो. जुळलं की दावा आपोआप लागतो. व्हिडिओ बहुधा चालूच राहतो, पण त्यावरच्या जाहिरातीचे पैसे दावा करणाऱ्याकडे वळू शकतात. चॅनेलवर डाग येत नाही. स्ट्राइक म्हणजे कुणी रीतसर कायदेशीर मागणी करून व्हिडिओ उतरवायला लावणं. अशा तीन स्ट्राइक ९० दिवसांत आल्या तर चॅनेल जाऊ शकतं.

यांच्यावर दावा होता, स्ट्राइक नव्हती. पण घाबरून त्यांनी काहीच केलं नाही, कारण वाद घातला तर चॅनेल बंद होतं असं कुणीतरी सांगितलं होतं. या अफवेत कणभर तथ्य आहे: वाद नोंदवल्यावर समोरचा चिडून व्हिडिओ उतरवायची मागणी करू शकतो आणि मग स्ट्राइक येते. म्हणून हातात कागद नसताना वाद घालू नये हे बरोबर, पण कागद असताना गप्प बसण्याचा तोटा वेगळा असतो. दावा लागल्यापासून ५ दिवसांत वाद नोंदवला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला धरून ठेवले जातात, आणि निकाल ज्याच्या बाजूने त्याला मिळतात. उशीर केला तर नोंदवल्या दिवसापासूनचेच. यांचा हळदीचा भर सीझन त्यात वाहून गेला. रक्कम काही मोठी नव्हती, पण जाहिरातीचे पैसे मिळायला लागणारी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाण्याची अट चॅनेलने नुकतीच ओलांडली होती. आयुष्यात पहिल्यांदा गाण्याचे पैसे दिसणार होते.

मी दाव्याचं पान उघडायला सांगितलं. त्यावर व्हिडिओचा नेमका कुठला तुकडा जुळला ते दिलेलं असतं. इथं जो तुकडा दाखवला होता त्यात वहिनी गातच नव्हती. मुखडा संपून अंतरा सुरू होण्याआधीचा भाग, नुसता ठेका आणि मागे हलका बेंजो. समोरचं गाणं ऐकलं तर ते मराठीसुद्धा नव्हतं. दुसऱ्याच कुठल्या प्रांतातलं डीजे गाणं, पण खाली तोच लूप. त्या गाणंवाल्यानेही तो फुकट किंवा विकत घेतला, गाणं एका डिजिटल वितरकामार्फत सगळीकडे पाठवलं आणि पाठवताना कंटेंट आयडीच्या चौकटीत टिक केली. त्या क्षणापासून जगात जो कोणी तो लूप वापरेल त्याच्यावर त्या गाणंवाल्याचा दावा.

यूट्यूबच्या नियमाप्रमाणे हे चालत नाही. नमुना म्हणून देता येईल ते फक्त स्वतःच्या एकट्याच्या मालकीचं. सगळ्यांना वापरायला दिलेले लूप, कराओके ट्रॅक, साउंड इफेक्ट त्यात बसत नाहीत. पण टिक करताना हे वाचतो कोण?

वाद नोंदवताना कारण निवडलं 'परवाना आहे' हे. लूपच्या साइटवरचं परवान्याचं पान, डाउनलोडची तारीख दाखवणारा ईमेल आणि दोन ओळींचा साधा मजकूर: दाखवलेल्या तुकड्यात जे जुळतंय ते या नावाचा सर्वांना खुला असलेला लूप आहे, शब्द, चाल आणि आवाज आमचे आहेत. भाच्याने आधी जो मजकूर लिहिला होता त्यात आगरी समाजावरचा अन्याय, सिडको आणि 'आमची संस्कृती' हे सगळं आलं होतं. ते काढायला लावलं. समोरच्या माणसाला लूपचं नाव कळलं की पुरे. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. मुदत संपायच्या आत दावा मागे घेतला गेला.

इथं प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहायला घेतलंच नसतं. लूपचे दावे रोजचे आहेत.

कंपनीचा कागद

दरम्यान एका म्युझिक कंपनीचा माणूस भाच्याला भेटला. गाणं आवडलं, एकरकमी पैसे देतो, नव्याने व्हिडिओ शूट करू, फक्त सही करा. कागद इंग्रजीत होता. सर्व हक्क कायमचे, संपूर्ण विश्वात. असे कागद लिहिणाऱ्यांना पृथ्वी पुरत नाही. सोबत एक तक्ता: गायिका, संगीत, अंतऱ्याचे शब्द, मुखड्याचे शब्द. शेवटच्या रकान्यात कंपनीच्या माणसाने आधीच टाइप करून आणलं होतं 'पारंपरिक'.

त्याला दोष देता येत नाही, कारण वर्णनात यांनीच तसं लिहिलं होतं. पण त्याला ते सोयीचं होतं हेही खरं. पारंपरिक म्हटलं की मुखड्याच्या शब्दांना मालक उरत नाही. कॅसेटच्या काळापासून ही युक्ती चालत आलीय: वेष्टणावर 'पारंपरिक' छापलं की कुणाची सही लागत नाही आणि कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. याची उलटी बाजूही बघण्यासारखी आहे. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली कोळीगीतं आज लोक परंपरेने चालत आलेली समजून गातात, त्यावर रील करतात. शांताबाई २००२ साली गेल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. जे पारंपरिक वाटतं त्याला बऱ्याचदा नाव-गाव असतं, आणि मोठ्या माणसाचं असलं तर ते टिकतं.

मी भाच्याला विचारलं, मुखडा आत्याने कुणाकडून घेतला?

"धवला हाय ना ताई. जुनाच असंल."

विचारलंस का?

नव्हतं विचारलं. त्यात लबाडी नव्हती. लहानपणापासून जे कानावर पडलं ते जुनंच असणार असं प्रत्येक घरात वाटतं. आजीच्या तोंडची म्हण आजीनेच केली असेल असं कुणाच्या डोक्यात येतं?

आत्याकडे मी गेले तेव्हा ती ओट्याखाली पाट टाकून सोडे निवडत होती. भाचा उभा, मी तिच्यासमोर खाली बसले. गाणं तिला माहीत होतं, घरात दिवसभर वाजत होतं. मोबाइलवर वर्णन दाखवून तिला वाचून दाखवलं, गीत पारंपरिक. तिने सोडे बाजूला केले.

"पारंपरिक कोन गो? मीच त जोरलेला यो."

मग सगळं निघालं. धाकट्या बहिणीच्या हळदीला तिने ही ओळ जोडली होती. त्या वर्षी त्यांचं आगर बंद झालं होतं, बांधावर शेवटची रास होती आणि ती उचलून झाल्यावर लग्न. चाल तिची नव्हती, ती तिच्या आईकडून आलेली. पण त्या चालीत आधी दुसरेच शब्द होते, देवांना आवतण द्यायचे. ते तिने म्हणूनही दाखवले. आवाज थकलाय, पण शेवटचा सूर ती धरते तो अजून हलत नाही.

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आत्ये, तू कवा सांगितला नाय."

"तुवा कवा इचारला?"

खरं करून बघणं

नुसतं म्हणणं आणि असणं यात फरक असतो, आणि आत्याचं म्हणणं आहे म्हणून मान्य करा असं कंपनीला सांगता येत नाही. घरातही वहिनीच्या मनात किंतु होताच: म्हातारं माणूस, ऐकलेलं स्वतःचं वाटायला लागतं. शंका गैर नव्हती. म्हणून दोन गोष्टी केल्या.

पहिली सोपी. गोठिवली, तळवली, ऐरोली, दिवा इथल्या ज्या बायका धवले म्हणतात त्यांना भाच्याने आणि मी मिळून गाठलं. प्रश्न विचारायची एक पद्धत असते. 'ही ओळ तुम्हाला येते का' असं विचारलं की चारातल्या तिघी हो म्हणतात, मान राखायला. म्हणून चाल गुणगुणून विचारलं, यावर तुमच्याकडे काय म्हणतात? चाल सगळ्यांना ओळखीची. शब्द मात्र प्रत्येकीचे वेगळे: कुणाकडे गणपतीला आवतण, कुणाकडे कुलदेवीला, कुणाकडे मांडवाच्या मेढीचं वर्णन. मिठाची रास एकीच्याही तोंडी आली नाही. एकीने मात्र आपणहून सांगितलं की ती ओळ 'त्यांचे गावचे धवलारणीची' आहे, तिच्या तोंडून ऐकलेली.

दुसरी गोष्ट घरातल्या जुन्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची. पत्र्याच्या पेटीत होती, फितीला बुरशी. ठाण्यात अशा कॅसेटी मोबाइलवर घेऊन देणारे अजून आहेत, त्यांच्याकडून करून आणली. आत्या मांडवात उभी, तोंड हलतंय, आणि आवाज येतोय एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचा! त्या काळच्या शूटिंगवाल्यांची हीच रीत: सगळ्या विधींवर सिनेमाची गाणी चिकटवायची. आम्ही हताश होऊन बघत राहिलो. पण एका जागी गाणं संपतं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी मूळ आवाज काही सेकंद उघडा पडलाय. शूटिंगवाल्याची चूक. त्या फटीत 'मिठाची रास गो सरली' स्पष्ट ऐकू येतं, तेव्हाचा तिचा आवाज, आजच्यापेक्षा बराच चढा. कॅसेटवर तारीख छापलेली होती, भाच्याच्या जन्माआधीची.

न्यायालयात हे किती टिकेल हा वकिलाचा प्रश्न. घरात टिकलं. वहिनीने तो तुकडा परत परत लावला आणि मग आत्याला म्हणाली, "मना तुमचे सारखा शेवट धरता येत नाय, शिकवा."

कायद्याच्या भाषेत गाणं

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्याच्या लेखी गाणं ही एकच एक वस्तू नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा. शब्द आणि चालीवरचा हक्क लेखकाच्या आयुष्यभर आणि पुढे ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारीने ते केलं तो त्याचा पहिला मालक. सादर करणाऱ्याचा हक्क ५० वर्षं. यातलं काहीच मिळवायला नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर पुराव्याला बरी.

लोकपरंपरेला आपल्या कायद्यात वेगळं असं संरक्षण नाही. धवल्याची चाल कुणाचीच नाही, म्हणजे कुणीही घ्यावी. पण त्या चालीवर जिवंत माणसाने जोडलेले शब्द त्या माणसाचे.

या हिशेबाने यांचं गाणं उलगडलं की चित्र असं दिसतं. मुखड्याची चाल परंपरेची. मुखड्याचे शब्द आत्याचे. अंतऱ्याचे शब्द भाच्याचे. अंतऱ्याची चाल भाचा आणि बेंजोवाला या दोघांची, कारण ती बेंजोवर बसूनच सुचली. बेंजोवाल्याला हे ऐकून आश्चर्य वाटलं, तो स्वतःला वाजवणारा समजत होता. रेकॉर्डिंग भाच्याचं. वहिनी गाण्याची लेखक नाही, पण गायिका म्हणून तिचा हक्क आहे आणि व्यापारी वापर झाला तर त्यात वाटाही आहे. आणि सुरुवातीचे ते दहा-पंधरा सेकंद? तिथंही आत्याचा सादर करणारी म्हणून हक्क. तिला न विचारता टिपलेले आणि न विचारता लावलेले.

म्हणजे ज्या बाईला ग्रुपमध्ये धरलं नव्हतं तिचा या गाण्यात दोन ठिकाणी हक्क निघाला. परक्या गाणंवाल्याच्या खोट्या दाव्याने तिघांची झोप उडाली होती. खरा दावा ज्याचा होता ते माणूस खाली सोडे निवडत होतं. लोकगीत सगळ्यांचं असतं असं म्हणणारे मला भेटतात. सगळ्यांचं होतं ते, मान्य. पण करणारी हयात असताना, हाकेच्या अंतरावर असताना, तिचं नाव पुसून ते सगळ्यांचं करायची घाई कुणाला असते ते बघावं.

घरातला कागद

कंपनीच्या कागदाआधी घरातला कागद केला. मराठीत, एका पानाचा. कुणाचं काय ते वर लिहिलंय तसं, आणि पैसे आले तर वाटणी कशी. वाटणीवर भांडण होईल असं मला वाटलं होतं. भांडण झालं ते नावावर. आत्याचं आधारकार्डावरचं नाव गावात कुणालाही माहीत नाही. तिला सगळे घरच्या नावाने ओळखतात. भाचा म्हणाला आधारचंच टाकू, उद्या पैशाचा प्रश्न आला तर अडचण नको. आत्या म्हणाली त्या नावाची बाई कोण, मीच ओळखत नाही. शेवटी वर्णनात घरचं नाव आणि कागदावर दोन्ही. बेंजोवाल्याला आपलं नाव वहिनीच्या आधी हवं होतं. ते त्याला मिळालं नाही आणि तो दोन दिवस रुसला.

मग कंपनीचा कागद ठाण्यातल्या एका वकीलबाईंकडून वाचून घेतला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चाल करणाऱ्याला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, सही केली तरी. अपवाद वारसांचा आणि कॉपीराइट सोसायटीचा, म्हणजे हक्कदारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश लिहिला नसेल तर ५ वर्षं आणि फक्त भारत असं कायदा धरतो; यांच्या कागदात कायमचं आणि विश्व असं स्पष्ट लिहिलेलं असल्याने ती सवलत आपोआप मिळणार नव्हती, ते खोडून घ्यावं लागणार होतं. तिसरा बदल 'पारंपरिक'च्या जागी आत्याचं नाव.

चौथी गोष्ट माझ्या कामातली. कंपनी गाणं कंटेंट आयडीत टाकणार हे कागदात होतं. तो लूप गाण्यात असताना ते टाकणं म्हणजे यांच्यावर जे झालं तेच दुसऱ्यावर करणं. शिवाय स्वतःच्या चॅनेलवरही दावा लागणार, तो सोडवून घ्यायची अट लिहायला हवी. म्हणून ठेका नव्याने वाजवून घेतला, यावेळी खरी ढोलकी, ज्याने आधी जास्त पैसे सांगितले होते तोच ढोलकीवाला. गाणं अर्ध्या मात्रेने मागे ओढल्यासारखं झालं आणि मला ते जास्त आवडलं. भाच्याला नाही, डीजेवर आता तेवढं मारत नाही म्हणतो. सगळ्या टेकच्या मूळ फाइली, तारखांसकट, दोन ठिकाणी ठेवायला लावल्या. आत्याची कॅसेटही त्यात आहे.

बदल सुचवून कागद कंपनीला परत पाठवला. त्याला अजून उत्तर नाही. फोनवर त्यांचा माणूस एवढंच म्हणाला की इतर ग्रुप असं काही विचारत नाहीत, आणि तो खोटं बोलत असेल असं वाटत नाही. आत्या आणि भाचा आयपीआरएसचे सभासद होऊ शकतात, शब्द लिहिणारे आणि चाल करणारे म्हणून. १९६९ पासूनची ही कॉपीराइट सोसायटी त्यांच्यासाठीच आहे. भाच्याने फॉर्म आणलाय. आत्याचं म्हणणं, "मना पैसं नको, नाव टाक," आणि यावर वहिनी तिला समजावतेय की नाव टाकलं की पैसेही घ्यावेच लागतात.

यूट्यूबवरचं वर्णन बदललं. आता तिथं लिहिलंय: मुखडा अमुक आत्या, चाल पारंपरिक धवला, अंतरे अमुक, अंतऱ्याची चाल दोघांची. रील करणारे त्यातलं काहीच वाचत नाहीत.

पुढच्या गाण्याचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय. आत्याकडे स्वतः जोडलेले आणखी धवले आहेत, हे आता सगळ्यांना कळलंय. एक ती द्यायला तयार आहे, पण ठेक्यावर नको, बेंजो नको, तिनेच म्हणायचं आणि जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्यायचा. भाचा म्हणतो असं कोण ऐकणार, निदान खाली हलकी ढोलकी तरी राहू दे. गेल्या आठवड्यात दोघांनी माझ्यासमोर यावर पुन्हा वाद घातला. बेंजोवाला आत्याच्या बाजूने आहे.